हदगावच्या जोडीतलं एक

इतवारा, नांदेड
५ नोव्हेंबर

बिलाल,

सलाम. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, ठीक आहे. आता पोस्टमनला कसं ब्लॉक करतोस ते बघते. पत्र मुद्दाम रजिस्टरनं, तेही लातूरला तू नोकरी करतोस त्या शोरूमच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे चार माणसांसमोर सही करून घ्यावं लागेल. आणि मराठीत लिहितेय, कारण उर्दू मला लिहिता येत नाही आणि तुला वाचता येत नाही. अब्बांनी दोघांनाही मराठी शाळेत घातलं, त्याचा हा एवढा तरी उपयोग.

भांडायला लिहीत नाही. कामाचं आहे.

परवा हदगावहून कस्तुराबाई आल्या होत्या. त्यांचे मालक हणमंतराव गेल्यापासून पहिल्यांदाच आल्या. एसटीनं आल्या, आल्या तशा दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "शाजादी, आपल्या नातीचं, आरतीचं जमलं बग. पंधरा डिशेंबर. जोडी पाठीव."

आता तू म्हणशील कुठली जोडी. तू असं म्हणूच शकत नाहीस, पण तुझा काही भरवसा नाही, म्हणून आठवण करून देते. अब्बांच्या दुकानाच्या दाराशी दोन्ही बाजूंना उभी असायची ती पितळी गुलदानं. कमरेएवढी उंच. खाली बारीक पाय, मधे सुटलेलं पोट, गळ्याभोवती पानांची माळ, कानांसारख्या दोन मुठी आणि झाकणावर पितळेची ज्योत. विलायती घाट. निजामाच्या वेळच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून ती हदगावला गेली आणि हदगावहून अब्बांकडे आली. कितीही गिऱ्हाईक आलं तरी अब्बा म्हणायचे, "ये बिकाऊ नहीं." आणि हणमंतरावांच्या भावकीत लग्न निघालं की जोडी टेम्पोत भरून हदगावला जायची. मांडवाच्या दाराशी उभी राहायची. त्यात पाणी, वर आंब्याचे टहाळे, आणि नवरा-नवरी दोन्ही गुलदानांच्या मधून आत. आपण दोघं टेम्पोच्या मागे गुलदानं धरून बसायचो. तू एकदा जिलेबी इतकी खाल्लीस की परत येताना अब्बांनी तुला पुढे बसवलं, आणि ते बरंच केलं.

कस्तुराबाईंनी दुकानात एकच गुलदान पाहिलं. "दुसरा घट कुठं हाय?" मी म्हणाले पॉलिशला दिलंय. तोंडातून निघून गेलं, काय करू? अब्बांच्या मुलांनी अब्बांचं दुकान आरीनं कापल्यासारखं वाटून घेतलं, असं त्या बाईला सांगायचं?

तर तुझ्याकडचं गुलदान पाठव. ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिलंस तरी चालेल, मी सोडवून घेईन. काम झालं की परत पाठवीन. अर्धं म्हणजे अर्धं, तुझं मी ठेवून घेणार नाही.

दुकान चांगलं चाललंय. माझी तब्येतही ठणठणीत.

आपा


इतवारा, नांदेड
१६ नोव्हेंबर

बिलाल,

पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही आहे, म्हणजे तू जिवंत आहेस. सही बदललेली नाही, अजूनही त्या शेवटच्या अक्षराला शेपूट काढतोस. पावती मी गल्ल्यात ठेवली आहे. उगाच आपली. गल्ल्यात दुसरं ठेवायला तरी काय आहे?

हो, दुकान चांगलं चाललंय म्हणाले ते खोटं होतं. चालेल कसं? गेल्या आठवड्यात औरंगाबादचा एक माणूस आला, हॉटेलसाठी जुनं सामान बघत होता. त्याला तो वेलबुट्टीचा आरसा आवडला. म्हणाला, चौकट कुठे आहे? चौकट लातूरला. काच नांदेडला. मग त्यानं पलंग पाहिला. त्या पलंगाच्या खांबांवर गुलदानांसारखाच घाट आहे ना, छोट्या लोट्यांसारखा, चार खांबांवर चार लोटे. दोन आहेत, दोन तुझ्याकडे. तो माणूस चांगला होता, हसला नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, इथे सगळंच अर्धं कसं काय?" मी म्हणाले, आमच्याकडे अशीच फॅशन आहे.

अब्बांच्या चाळिसाव्यानंतर आपण सगळी बिरादरी बसवून इन्साफ करायला बसलो, तेव्हा आपल्याइतकी प्रामाणिक भावंडं अख्ख्या नांदेडात नसतील. कुणी कुणाच्या वाट्याचा खिळा घेतला नाही. मामू म्हणत होते, अरे, एकानं खुर्च्या घ्या, एकानं समया घ्या. पण नाही. सहा खुर्च्या, तीन-तीन. जोडदिवे, एक-एक. ज्यांचा जन्म या धंद्यात गेला, त्यांना एवढं कळू नये की जोडीचं एक म्हणजे अर्धी किंमत नव्हे, काहीच किंमत नव्हे? आधी कोण म्हणालं "जोड्या फोडा" ते आता काढत नाही. तू म्हणालास.

तुला लातूरला जायचं होतं, पोरीच्या, मनतशाच्या शिक्षणासाठी. जायचंच होतं तर जायचं. मी कुठे पाय धरले होते? मी फक्त म्हणाले की अब्बांना कबरीत जाऊन दोन महिने नाही झाले. आणि तू म्हणालास, "आपा, तुझं सगळं आयुष्य या भंगारात गेलं, माझं घालवू नकोस." भंगार म्हणालास. त्यानंतर तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही.

असो. गुलदान पाठव. कस्तुराबाई दोन दिवसांआड फोन करतात, "पॉलिश झालं का गं माय?" मी रोज नवीन कारण काढते. आता पॉलिशवाल्याच्या घरातली माणसं आजारी पाडून पाडून संपत आली.

आपा


इतवारा, नांदेड
२४ नोव्हेंबर

बिलाल,

काल मनतशानं फोटो पाठवला. तिला रागावू नकोस, मीच विचारलं होतं. पोरगी बिचारी म्हणाली, "फुप्पो, अब्बू काही बोलत नाहीत, पण तुमचं पत्र त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलंय."

फोटो बघितला.

तू त्याचा दिवा केलास! शोरूमच्या काउंटरशेजारी, वर ते पिवळं कापडी टोपडं घालून! आणि वायर? वायर कुठून काढलीस? बुडाला भोक पाडून! बिलाल, ड्रिल मशीन लावलंस तरी कसं? शंभर वर्षांत त्या पितळेला कुणी खिळा लावला नव्हता. ज्यात नवरीसाठी पाणी भरायचं, त्याच्या बुडाला भोक!

म्हणून गप्प बसला होतास तर. बरोबर आहे. बोलायला तोंड कुठे आहे?

उद्या मी हदगावला जाते. कस्तुराबाईंना खरं काय ते सांगून टाकते. त्यांना एखादं पितळी घंगाळ शोधायला वेळ तरी मिळेल.

याच्यावर सही करायची इच्छा नाही, पण करते.

शहजादी


इतवारा, नांदेड
२८ नोव्हेंबर

बिलाल,

आजचं पत्र शांतपणे लिहितेय. तूही शांतपणे वाच, शक्य असेल तर बसून वाच.

हदगावला गेले. कस्तुराबाईंच्या अंगणात कापूस पडला होता, आरती आणि तिच्या मैत्रिणी पत्रिकांवर हळद लावत होत्या. मला बघून आरतीनं पहिला प्रश्न केला, "आत्या, घट आले का?" या पोरीच्या बारशाला अब्बा गेले होते, आठवतं? मी म्हणाले, तुझ्या आजीशी बोलायचंय.

सगळं सांगितलं. वाटणी, लातूर, दिवा, भोक. पॉलिश खोटं होतं तेही सांगितलं. मला वाटलं, आता बाई रडतील नाहीतर मला दारातून परत पाठवतील. त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला रागच आला.

मग म्हणाल्या, "शाजादी, तुला ठावं हाय का, ती जोडी तुमच्याकडं कामून आली?"

मी म्हणाले, अब्बांनी विकत घेतली.

"इकत कसली घेतोय? आमच्या मालकाची आन् धाकल्या दिराची वाटणी झाली तवा जमीन वाटली, बैलं वाटली, भांडी वाटली. घटापाशी आले आन् दोघं बी आडून बसले. ह्यो म्हने एक माझा, त्यो म्हने एक माझा. सासूबाई उठल्या. म्हनल्या, जोडी फोडली तर ह्या घरात परत एका मांडवात दोघं उभं ऱ्हानार न्हाई. तवा तुझा बाप जुनं सामान बगायला आला व्हता. सासूबाईनं दोन्ही घट उचलून त्याच्या गाडीत घातले. म्हनल्या, अमानभाई, तू आमच्यातला बी न्हाई आन् परका बी न्हाई. तू सांबाळ. लग्न निघालं की आन. एक घट थोरल्या घरचं पानी भरील, एक धाकल्या घरचं."

बिलाल, म्हणून ते पाणी दोन घरांच्या बायका भरायच्या. आपण टेम्पोत बसून जिलेबीचा विचार करायचो आणि आपल्याला कधी कळलंच नाही. दोन्ही घरं एरवी बांधावरून भांडतात, कोर्टातसुद्धा गेली होती. पण लग्नाला येतात. पाणी भरायचं असतं ना. नाही आलं तर एक घट रिकामा राहील आणि सगळ्या गावाला दिसेल.

हिंदूंच्या घरच्या भावांची जोडी फुटू नये म्हणून आपल्या बापानं आयुष्यभर सांभाळली, आणि ती फोडली कुणी? आपण. तिथेच ओट्यावर बसून मी रडले. कस्तुराबाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्यात बी वाटन्या झाल्या म्हना की. रडू नको. पर येक ध्यानात धर. एकटा घट मी मांडवात ठिवनार न्हाई. एकापरीस काहीच नसलेलं बरं. धाकल्या घरी मी काय सांगू? पानी कशात भरा म्हनू?"

म्हणजे आता नुसत्या गुलदानाचा सवाल नाही. आरतीच्या लग्नाला धाकटं घर येणार की नाही, हाच सवाल आहे. कस्तुराबाई ऐंशीच्या घरात आहेत. हे त्यांच्या हातचं शेवटचं लग्न.

भोक पाडलंस तर पाडलंस. आपल्या गल्लीतले करीमचाचा अजून कलई करतात, डाख देऊन भोकंही बुजवतात. त्यांना विचारलं. म्हणाले, "पितळ है बेटी, माणूस थोडीच आहे, जुडेल." पण गुलदान समोर पाहिजे. पार्सलनं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

गुलदान नाही आणलंस तरी ये. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय.

आपा


इतवारा, नांदेड
९ डिसेंबर

बिलाल,

वाटणीनंतरचं तुझं पहिलं पत्र आज मिळालं. आंतरदेशीय पत्र कुठून शोधून काढलंस रे? उघडलं. आत एकच ओळ.

"आपा, झाकण सापडत नाही."

सलाम नाही, दुवा नाही. कशी आहेस नाही. झाकण सापडत नाही! मी ती ओळ करीमचाचांना वाचून दाखवली, शेजारच्या चप्पलवाल्याला वाचून दाखवली. चप्पलवाला म्हणाला, यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे? मी त्याला म्हणाले, तुला भाऊ नाही, तुला नाही कळायचं. त्याला चार भाऊ आहेत. तो अजून विचार करत असेल.

झाकण गेलं चुलीत. मांडवात झाकण लागतच नाही, वर आंब्याचे टहाळे असतात. तुला आठवत नसेल, कारण तुझं लक्ष जिलेबीवर. मी माझंही झाकण काढून ठेवते, म्हणजे जोडी सारखी दिसेल.

आता नीट वाच. शनिवारी चौदा तारखेला दुपारपर्यंत नांदेडला पोच. लोहामार्गे ये, अहमदपूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, वेळ हाताशी ठेव. गुलदान उभं ठेवू नकोस, गादीवर आडवं घाल आणि मुठींना चिंध्या गुंडाळ. मनतशाला आण. तुझ्या बायकोलाही आण, तिच्याशी माझं कधीच भांडण नव्हतं, तिचं माझ्याशी असेल तर तिनं आल्यावर सांगावं. करीमचाचा कोळसे पेटवून तयार राहणार आहेत. रविवारी पहाटे हदगावला निघायचं.

आणि चिंचेनं घासू नकोस. तुझ्या हाताला कधी थांबायचं ते कळत नाही. पितळेवरचा जुना काळसरपणा राहू दे, अब्बा म्हणायचे ती त्याची उमर आहे.

खिचडी आणि सोबत चिंचेचा खट्टा करून ठेवते.

आपा


इतवारा, नांदेड
१८ डिसेंबर

बिलाल,

आता तू मला अनब्लॉक केलंस आणि काल तीनदा फोनही आला, तरी हे पत्र लिहितेय. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हे मला फार आवडलंय.

लग्नात काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. पण तुझी पाठ लोकांकडे होती. तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते सांगते.

करीमचाचांची चूक नाही. दुपारी ये म्हणाले तर तू रात्री आलास, कोळसे दोनदा विझले, आणि घाईघाईत दिलेला डाख तो किती धरणार? मांडवात पाणी भरलं आणि बुडातून थेंब सुटला. धाकट्या घरची ती मोठी सून, जी कोर्टाच्या तारखेला म्हणे पहिल्या बाकावर बसायची, तिनं आपल्या घरचा घट भरला होता आणि तोच नेमका गळत होता. नेमका तोच! ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता म्हणेल, आमच्याच वाट्याला फुटका दिला. झालं, संपलं.

तेवढ्यात तू लोखंडी खुर्ची ओढलीस आणि नवी कोरी शेरवानी घालून त्या गुलदानाशी बसलास. हातात तांब्या. थेंब पडला की वरून पाणी. वरात आली, बँड वाजला, लोक आत गेले, तू तिथेच. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता टाकायला धावले, तू तिथेच. तुझ्या बायकोनं दोनदा जेवायला बोलावलं, तू हलला नाहीस. जिलेबीचं ताट तुझ्यासमोरून गेलं आणि तू बघितलंही नाहीस, हे मी शपथेवर सांगते.

आता तुला न दिसलेलं ऐक. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं कस्तुराबाईंना विचारलं, "ह्यो माणूस कामून बसलाय तिथं?" कस्तुराबाईंनी पापणीसुद्धा न लववता सांगितलं, "आमच्यात रीतच हाय. घटाला राखनदार लागतो." म्हातारा म्हणाला, "मंग दुसऱ्या घटाला कुनी न्हाई?" तेव्हा ती मोठी सून उठली. थोरल्या घरच्या घटाशी, म्हणजे ज्यांच्याशी तिचा बांधाचा तंटा, त्यांच्या घटाशी, खुर्ची टाकून बसली. तो घट गळत नव्हता. तरी हातात तांब्या घेऊन बसली. थोड्या वेळानं कस्तुराबाई स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन गेल्या. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण कपबशी एकच होती आणि चहा दोघींनी प्यायला.

आरती दोन्ही घटांच्या मधून आत गेली तेव्हा तुझ्या शेरवानीवर पाणी सांडलं. तू वर बघितलंस आणि मला दिसलं की तू रडतोयस. मी कुणाला सांगितलं नाही. मनतशाला सांगितलं.

निघताना कस्तुराबाई मला म्हणाल्या, "जोडी घेऊन जा. आता पोरं नव्या रीतीची, पुढचं लग्न कवा आन् कुठं, देवाला ठावं. पर जोडी तुमच्या दारातच बरी दिसती." तू टेम्पोत दोन्ही गुलदानं चढवलीस तेव्हा मी विचारलं नाही की तुझं तू लातूरला नेतोस का. भीती वाटत होती, खरं सांगते. नांदेडला आल्यावर तू दोन्ही माझ्या दाराशी उतरवलीस, एक इकडे, एक तिकडे लावलंस, आणि मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन सरळ लागली का बघत उभा राहिलास. अगदी अब्बांसारखा, मान वाकडी करून. आणि तसाच गाडीत बसून गेलास. साधं खुदा हाफिजही नाही. बिलाल, तुला राग धरता येतो, माफी मागता येत नाही, आणि मला दोन्हीतलं काहीच गप्प बसून करता येत नाही.

म्हणून मीच बोलते. लातूरची नोकरी सोड असं म्हणणार नाही. मनतशाचं शिक्षण आहे, तुझं घर आहे. पण शोरूमला शुक्रवारी सुट्टी असते, आणि शनिवारी तुला दुपारनंतर जायचं असतं, हे मनतशानं मला सांगितलंय. तर शुक्रवारी आरशाची चौकट, खुर्च्या आणि पलंगाचे दोन लोटे गाडीत घालून ये. तो हॉटेलवाला पुन्हा येणार आहे, त्याला दुकान अख्खं दिसू दे. मुक्काम कर. शनिवारी सकाळी दुकान तू उघड.

शटर फार जड झालंय. एवढे दिवस मी एकटीनं उघडत होते हे खरं आहे. तू गेलास, आणि सोमवारपासून मात्र ते माझ्यानं उघडत नाही.

तुझी आपा